बाबांच्या वतीने मी सही करू का?

सोलापूर जिल्ह्यातील एक वाचक लिहितात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): "माझे वडील ६६ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गालाच्या आतल्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. गाठ लहान होती, तरी त्याच वेळी मानेच्या गाठीही काढल्या. त्यांपैकी एकीत रोग सापडल्यामुळे पुढे शेक (रेडिएशन) दिला. 'सगळे निघाले' असे आम्ही त्यांना सांगितले होते. आता मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली आहे आणि ती रक्तवाहिनीला चिकटल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया होणार नाही. मुंबईच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी एका वैद्यकीय चाचणीत सहभागी होण्याबद्दल विचारले आहे. नेहमीचे औषध द्यायचे की त्याच्या जोडीला नवे औषधही द्यायचे, हे संगणक ठरवणार आहे. भाऊ म्हणतो, 'आपल्या बापाचा उंदीर करायचा नाही.' आई म्हणते, काहीही करा, पण त्यांना कळता कामा नये. बाबांना आम्ही जंतुसंसर्ग झाल्याचे सांगितले आहे. रोज सकाळी दाढी करताना त्यांचा हात त्या गाठीपाशी थांबतो, पण ते विचारत काहीच नाहीत. नुसते जुने औषध वाट्याला आले तर मुंबईच्या खेपा फुकट जातील, अशीही भीती वाटते. बाबांच्या वतीने मी सही करू की नको?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तेवढेच सोपे आहे. ही सही तुम्हाला करता येणार नाही. आपल्याकडे औषधांच्या चाचण्या २०१९ च्या नियमांनुसार चालतात आणि त्या नियमांत रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने संमती देण्याची सोय आहे, पण ती रुग्ण बेशुद्ध असेल, लहान मूल असेल किंवा समजून घेऊन निर्णय करण्याच्या स्थितीतच नसेल तेव्हापुरती. रुग्णाला वाचता येत नसेल तर एका त्रयस्थ साक्षीदारासमोर त्याला सगळे वाचून दाखवावे लागते, पण होकार तरीही त्याचाच लागतो. तुमचे वडील शिक्षक आहेत आणि पूर्ण शुद्धीत आहेत. तेव्हा आईची अट आणि डॉक्टरांचा प्रस्ताव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येणार नाहीत, हे तुम्हा तिघांनी आधी मान्य करायला हवे. माझ्या मते तुमची खरी अडचण इथे आहे आणि चाचणीचा प्रश्न तिच्या मागून येतो. तरीही भावाचे म्हणणे बाजूला सारून पुढे जाणे योग्य होणार नाही, म्हणून आधी त्याकडे वळते.

मी डॉक्टर नाही. परंतु काही वर्षे एका रुग्णालयाच्या, चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीवर, सामान्य नागरिकासाठी नियमाने राखून ठेवलेल्या खुर्चीवर मी बसले आहे आणि 'उंदीर' हा शब्द तिथे मी बऱ्याच वेळा ऐकला आहे. तो बोलणाऱ्या माणसाला मी कधी अडाणी समजले नाही, कारण त्या भीतीला आपल्या देशात आधार आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक अभ्यास शाळकरी मुलींवर करण्यात आला. आंध्रातल्या अनेक संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. एप्रिल २०१० मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ती लस आज जगभर दिली जाते. गैर होते ते दुसऱ्याच कोणीतरी सही करून मोकळे होणे. आता जरा विचार करा. तुमच्या वडिलांना काही न सांगता तुम्ही सही केली असती, तर भावाला ज्याची धास्ती वाटते नेमके तेच घरच्या माणसाच्या हातून, आणि तेही प्रेमापोटी, घडले असते.

भावाच्या बोलण्यात आणखी एक गृहीतक दडलेले आहे. चाचणीत असतो तो प्रयोग आणि चाचणीबाहेर मिळतो तो पक्का उपचार, असे त्याला वाटते. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या मानेवर जो लांब व्रण आला, त्याची हकिकत त्याला सांगा. तोंडातली गाठ लहान असेल आणि मानेत हाताला काही लागत नसेल, तर मानेच्या गाठी त्याच वेळी काढाव्यात की वाट पाहून, रोग तिथे दिसला तरच काढाव्यात, यावर शल्यचिकित्सकांत कित्येक वर्षे एकमत नव्हते. दोन्ही बाजूंना नामवंत डॉक्टर होते आणि दोन्ही बाजूंना आपलेच खरे वाटत होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्णांचे सोडतीने दोन गट केले आणि त्यांतल्या पहिल्या ५०० जणांच्या नोंदींचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. मानेच्या गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते, तर वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तुमच्या वडिलांच्या मानेतला तो लपलेला रोग दोन वर्षांपूर्वीच हाती लागला, तो या उत्तरामुळे. त्यातले बहुतेक रुग्ण तुमच्या वडिलांसारखेच दूरच्या गावांहून परळला आलेले असणार, आणि वाट पाहण्याचा गट ज्यांच्या वाट्याला आला त्यांनाही तेव्हाच्या समजुतीप्रमाणे योग्य तेच उपचार मिळत होते. तेव्हा भावाने चाचणीला नको म्हणावे, तो अधिकार कुटुंबाला आणि मुख्यतः वडिलांना आहेच, पण वडील आजवर चाचण्यांपासून दूर राहिले आहेत असे मात्र त्याने समजू नये.

आता 'खेपा फुकट जातील' या तुमच्या भीतीकडे येते. नवे औषध चांगले आणि जुने कमी दर्जाचे, हे तुम्ही आधीच ठरवून टाकले आहे. डॉक्टरांनी ते ठरवलेले नाही, आणि म्हणून तर सोडत आहे. नवे सरस आहे हे खात्रीने माहीत असते, तर निम्म्या रुग्णांना त्यापासून दूर ठेवायला कोणत्याही नीतिसमितीने परवानगी दिली नसती. एप्रिल २०२१ मधल्या रेमडेसिव्हिरच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. भावाने किंवा शेजाऱ्याने कुणासाठी तरी रात्रभर फोन फिरवले असतील. त्या औषधाचा मृत्यू टाळण्यात फारसा उपयोग दिसत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीतून त्याआधीच, ऑक्टोबर २०२० मध्ये पुढे आले होते. उलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त आणि कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारे औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते, हे ब्रिटनमधल्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले. औषध नवे आहे, महाग आहे आणि मिळायला अवघड आहे, एवढ्यावरून ते गुणकारी असल्याचे सिद्ध होत नाही. तुमच्या वडिलांच्या चाचणीत ज्यांना नुसते नेहमीचे औषध मिळेल, त्यांना चाचणीबाहेर जे मिळाले असते तेच मिळेल, शिवाय तपासण्या अधिक बारकाईने होतील. नव्या औषधाच्या गटात लाभाची शक्यता आहे, तशीच आजवर फारशा कुणी न पाहिलेल्या त्रासाचीही आहे. दोन्हीकडची अनिश्चितता तुम्हाला पेलवते का, एवढाच इथे प्रश्न आहे.

जाता जाता एक सांगते. या सोडतीला मराठी माहितीपत्रकांत 'यादृच्छिकीकरण' म्हणतात. समितीत असताना तो शब्द काढून 'म्हाडाच्या घरांची निघते तशी संगणकाची सोडत' असे लिहावे म्हणून मी दोन बैठका भांडले. म्हाडा गेले, पण सोडत राहिली. तुमच्या हातातल्या कागदात तो बोजड शब्द असेल, तर त्याचा अर्थ डॉक्टरच्या किंवा परिचारिकेच्या मर्जीला त्यात काही जागा नाही, एवढाच आहे.

लाभाच्या अपेक्षेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे, कारण पत्रात तुम्ही आकडा कुठेच विचारलेला नाही आणि घरात तो बहुधा कुणी उच्चारतही नसेल. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग उलटला आणि शस्त्रक्रियेपलीकडे गेला, की आजच्या औषधांनी तो सहसा समूळ जात नाही. ती औषधे देतात ती आयुष्य लांबवण्यासाठी आणि त्रास कमी करण्यासाठी. या अवस्थेतल्या रुग्णांसाठी टाटा मेमोरियलमध्येच एक चाचणी झाली असून तिचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. निव्होलुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध एरवी एका वेळी २४० मिलिग्रॅम देतात आणि तो खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा असतो. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ते फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तीन स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी वर्षानंतर १६.३ टक्के हयात होते, तर त्या थोड्या मात्रेची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. आकडा मोठा आहे आणि आपल्यासारख्या देशासाठी त्याचे मोल फार आहे. पण तोच निकाल दुसऱ्या बाजूने वाचा. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण ६.७ महिन्यांच्या आत गेले आणि दुसऱ्या गटातले निम्मे १०.१ महिन्यांच्या आत. चांगल्या बातमीचे आजचे माप हे असे आहे. कुणाला ते साडेतीन महिने नातीच्या लग्नासाठी हवे असतील, तर कुणी म्हणेल, मला ते मुंबईच्या धर्मशाळेत काढायचे नाहीत. दोघेही बरोबर आहेत, मात्र त्यातले काय हवे हे वडिलांच्या वतीने तुम्हाला ठरवता येईल असे मला वाटत नाही.

आता मूळ अडचणीकडे येते. तुम्ही आणि आई वडिलांपासून हे लपवता आहात ते त्यांना जपण्यासाठी, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे घरोघर हेच होते. पण त्यातून खरोखर काय साधते आहे, ते पाहा. एकदा या आजारातून गेलेला माणूस पुन्हा त्याच रुग्णालयात, त्याच बाह्यरुग्ण विभागात, नाकात नळी घातलेल्या माणसांच्या शेजारी बाकावर बसतो आहे. उभी हयात फळ्यावर लिहिण्यात आणि मुलांकडून वाचून घेण्यात घालवलेल्या माणसाने त्या इमारतीवरची पाटी वाचली नसेल, असे तुम्हाला वाटते का? दाढी करताना त्यांचा हात जिथे थांबतो, तिथे त्यांना काय लागते हे तुमच्याइतकेच त्यांनाही ठाऊक असणार, असा माझा अंदाज आहे. ते विचारत नाहीत याचा अर्थ त्यांना माहीत नाही असाच होतो, असे नाही. कदाचित तेही तुम्हाला जपत असतील. माझा अंदाज चुकूही शकतो, पण तो पडताळून पाहण्याचा एक सौम्य मार्ग आहे. सगळे एकदम सांगून टाकण्याऐवजी आधी त्यांनाच विचारा: "बाबा, या गाठीबद्दल तुम्हाला काय वाटते? डॉक्टर जे सांगतील ते सगळे तुम्ही स्वतः ऐकणार, की आम्ही ऐकून तुम्हाला मोजके सांगावे?" हा प्रश्न विचारून गप्प बसा आणि उत्तराला वेळ लागला तर लागू द्या. "सगळे सांग" असे ते म्हणाले तर तुमचा मार्ग मोकळा झाला. "तुम्हीच बघा, मला नका सांगू" असे म्हणाले तर तोही त्यांचा हक्क आहे. मग त्यांना घेऊन रीतसर चाचणीत जाता येणार नाही आणि नेहमीचे उपचार चालू ठेवावेत. त्यात काही गमावल्याची चुटपुट लावून घेऊ नका.

आईशी आधी बोलावे लागेल, आणि ते काम भावापेक्षा तुम्ही करावे, असे पत्रावरून वाटते. 'कळले तर ते खचतील' ही तिची भीती अगदीच पोकळ नाही. काही दिवस जड जातीलच. पण आज ते एकटे खचत असतील तर घरात कुणाला त्याचा पत्ता नाही. बँकेचे काम, शेताचा सातबारा, कुणाला भेटायचे राहिले आहे, हेही त्यांना उरकायचे असेल. आणि पुढे गिळणे अवघड झाले, बोलणे थांबले, तर जे आज सांगता आणि विचारता येते ते तेव्हा जमणार नाही. तोंडाच्या आजारात हा धोका इतर आजारांपेक्षा अधिक असतो, म्हणून हे लांबणीवर टाकू नये.

प्रत्यक्ष सांगायचे काम डॉक्टरांवर सोपवावे, पण बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत, चाळीस माणसे दाराशी ताटकळत असताना नव्हे. आधी एकट्याने भेटून किंवा फोन करून वेगळी वेळ मागा. बहुतेक मोठ्या कर्करोग रुग्णालयांत वेदनाशमनाचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा विभाग असतो आणि अशा संभाषणाची सवय तिथल्या माणसांना सर्वांत जास्त असते. त्या विभागाचे नाव निघाले की नातेवाइकांना वाटते, डॉक्टरांनी हात टेकले. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पुढच्या अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत (योगायोगाने तिथेही १५१ रुग्ण होते) नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून या विभागाची मदत मिळालेल्यांना त्रास कमी झाला, उदासी कमी आली, आणि शेवटच्या टप्प्यातले भारी उपचार कमी घेऊनही ते अधिक काळ जगले: एरवी निम्मे रुग्ण ८.९ महिन्यांच्या आत गेले, तर या गटातले निम्मे ११.६ महिन्यांच्या आत. चाचणीला होकार द्या किंवा नकार, या विभागाचा केसपेपर मात्र याच खेपेला काढून घ्या.

वडिलांना ऐकायचे आहे असे ठरले, तर त्या बैठकीला भावालाही पुण्याहून, साताऱ्याहून, जिथे असेल तिथून बोलावून घ्या. फोनवरून विरोध करणे सोपे असते. डॉक्टरांना पहिला प्रश्न असा विचारा: ही चाचणी नसती तर तुम्ही बाबांना काय दिले असते? वर सांगितलेल्या थोड्या मात्रेच्या उपचाराचे नाव त्या उत्तरात येते का, ते लक्ष देऊन ऐका, कारण चाचणीतल्या 'नेहमीच्या औषधा'ची तुलना त्याच्याशी करायची आहे. चाचणी कितव्या टप्प्यातली आहे, हेही विचारा. पहिल्या टप्प्यात मात्रा आणि सुरक्षितता तपासतात, तिथे रुग्णाने स्वतःच्या लाभाची आशा बेताची ठेवावी. तिसऱ्या टप्प्यात प्रचलित उपचाराशी मोठी तुलना असते, आणि तुमच्या वर्णनावरून ही तशी वाटते. जादा खेपा किती, जादा रक्त किती वेळा काढणार, पुन्हा सुईने तुकडा घेणार का, प्रवासखर्च मिळतो का, हे लिहून घ्या. सोलापूरहून दर तीन आठवड्यांनी येणे आणि दर आठवड्याला येणे यांत आजारी माणसाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

चाचणीतल्या नव्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले जात असतील तर तिथेच थांबा. रीतसर चाचणीत असे होत नाही. देशात होणाऱ्या चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते, तिला सीटीआरआय म्हणतात, आणि तुमच्या चाचणीचा तिच्यातला क्रमांक मागायला संकोच करू नका. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि इजेचा किंवा मृत्यूचा चाचणीशी संबंध असल्याचे ठरले तर भरपाईही मिळते. ही माहिती कागदावर असलीच पाहिजे, आणि नीतिसमितीचा संपर्कही. मधूनच बाहेर पडता येते आणि बाहेर पडल्यावर नेहमीचे उपचार कोणी बंद करू शकत नाही, हे भावाच्या देखत डॉक्टरांकडून वदवून घ्या. उंदराला पिंजऱ्यातून उठून घरी जाता येत नाही, हे त्याला त्यावरून कळावे. सहीनंतर माहितीपत्रकाची आणि संमतिपत्राची एक प्रत तुम्हाला मिळते; ती मागायला विसरू नका.

सही त्याच दिवशी करण्याची घाई करू नका. कागद घरी न्यायला मागा. दोन-चार दिवस मागितल्याने कोणी नाराज होत असेल तर ती नाराजी सोसावी. माझ्या अनुभवात ही माहितीपत्रके पंधरा-वीस पानांची असतात, भाषांतर ओबडधोबड असते आणि शुद्धलेखनाची तर दैना असते. ती पाने बाबांच्या हातात द्या आणि त्यांना स्वतः वाचू द्या. जिथे कळले नाही तिथे खूण करायला सांगा, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टरांना ओळीवर बोट ठेवून विचारता येईल. मुंबईला निघताना त्यांचा वाचायचा चष्मा पिशवीत आहे ना ते तेवढे पाहा, आणि सोबत एक लाल पेन असू द्या.